आईच्या हातात किंडल दिलं, आता कपाटातल्या पुस्तकांचं काय?

जुळेसोलापूरकर

माझी आई 74 वर्षांची. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, पण डोळ्यांच्या मागच्या पडद्याची झीज सुरू झाली आणि गेल्या वर्षी तिचं वाचन थांबलं. भिंग धरून एक पान वाचायला दहा मिनिटं लागायची. शेवटी शेवटी पुस्तक नुसतं मांडीवर घेऊन बसायची. मला ते बघवायचं नाही.

दिवाळीत तिच्यासाठी किंडल, म्हणजे ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, आणलं. अक्षर एवढं मोठं केलंय की एका पानावर जेमतेम चाळीस शब्द मावतात. पहिल्या पंधरा दिवसांत तिनं एक जाडजूड कादंबरी संपवली. मराठीत ठळक, मोठ्या अक्षरांत छापायची रीत आहे, पण ती पोथीपुरती. म्हाताऱ्या डोळ्यांना पोथी वाचता यावी याची काळजी आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतली. त्याच डोळ्यांना कथा-कादंबरीही वाचाविशी वाटत असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही. म्हणून मी या यंत्राच्या बाजूचा आहे, पूर्णपणे.

आता प्रश्न असा. घरात 600 च्या आसपास पुस्तकं आहेत. एका कपाटाला वाळवी लागली होती, दुसऱ्यात कसर आहे. फ्लॅट लहान. मी म्हणतो, सगळी वाचनालयाला देऊन टाकू. आई हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. वाचून झालेलं पुस्तक समोरच्या काकूंना द्यायचं, काकू ते अक्कलकोटच्या नणंदेला पाठवणार, असा तिचा वीस वर्षांचा क्रम आहे. तुमचं मत सांगा.

वाचनालयवाली

दादा, आईंचं वाचन परत सुरू झालं हे वाचून खरंच बरं वाटलं. पण "सगळी देऊन टाकू" याला माझा विरोध आहे. अठरा वर्षं मी एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. दर महिन्याला कुणी ना कुणी पोतं भरून पुस्तकं आणतं आणि त्यातली निम्मी कसर लागलेली असतात. ती आम्ही फडताळात ठेवली तर शेजारची पुस्तकंही जातात. वाचनालय म्हणजे घरातली अडगळ सोडायची जागा नव्हे.

दुसरं सांगते. यंत्र एकट्याचं असतं. आमच्याकडं एक पुस्तक वर्षात पंचवीस-तीस घरं फिरून येतं. आत कुणी पेन्सिलीनं खूण केलेली असते, कुणाचं एसटीचं तिकीट राहिलेलं असतं. पुढच्या माणसाला कळतं, आपल्या आधी इथं कुणीतरी थांबलं होतं. नवं यंत्र 16-17 हजारांना पडतं. तेवढ्या पैशात आमच्याकडची वर्गणी किती वर्षं भरता येईल, हिशेब करून बघा.

हुतात्मावाला

ताई, वाचनालयाचा हिशेब ज्याला वाचनालयात जाता येतं त्याच्यासाठी ठीक आहे. मी कामानिमित्त दर आठवड्याला हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरहून पुण्याला जातो. जायचे चार तास, यायचे चार तास. कुर्डुवाडी गेली की खिडकीतून ऊन थेट मांडीवर येतं. त्या उन्हात मोबाइलवर काही दिसत नाही, किंडलवर मात्र कागदासारखं स्वच्छ दिसतं.

त्यामागचं कारण सांगतो, कारण लोक मोबाइल आणि ई-रीडर एकाच पारड्यात टाकतात. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो. ई-शाईच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात आणि त्यांत पांढरे न्‌ काळे कण तरंगत असतात. एकावर धन विद्युतभार, दुसऱ्यावर ऋण. विजेचा हलका इशारा मिळाला की पांढरे वर येतात किंवा काळे, आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच राहतं, त्याला वीज लागत नाही. पान उलटतानाच काय ती लागते. म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. आपण कागद वाचतो तसं बाहेरचा उजेड परावर्तित होऊन हे वाचायचं असतं. अंधारात लावायचा दिवा असतो, तोही पडद्याच्या मागून नाही, कडेनं पडद्यावर पडतो.

वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. आठशे पानांचं पुस्तक छातीवर धरून वाचलेल्या माणसाला त्याची किंमत कळते. वाळवी, कसर, धूळ हा त्रासच नाही.

पूर्वभागातला

मी पद्मशाली घरातला. आजोबा मागावर होते, मी मराठी शाळेत शिकलो, पण घरात बोलणं आजही तेलुगू. तुमचं सगळं मराठीपुरतं पटतं. ॲमेझॉननं 2016 च्या डिसेंबरात किंडलवर भारतीय भाषांतली पुस्तकं आणली तेव्हा पाच भाषा होत्या : हिंदी, मराठी, तमिळ, गुजराती, मल्याळम. त्यात तेलुगू नव्हती, कन्नडही नव्हती. आपल्या गावात एका गल्लीत चार भाषा बोलल्या जातात. त्यातल्या दोन भाषांचे म्हातारे त्या यादीच्या बाहेर राहिले. माझ्या आजीचेही डोळे असेच गेलेत. तिला मी काय आणून देऊ? ती अजून हैदराबादहून कुणी आणलेली जुनी मासिकंच डोळ्यांजवळ धरते.

यंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण कुठल्या भाषेतलं वाचायला मिळणार हे दूरची एक कंपनी ठरवते. छापखाना कुणीही काढू शकतो. माझ्या लहानपणी आमच्या पेठेत तेलुगू लग्नपत्रिका छापून मिळायच्या.

हुतात्मावाला

दादा, मुद्दा बरोबर आहे. पण किंडल म्हणजे सगळे ई-रीडर नव्हेत. ईपब, म्हणजे ई-पुस्तकांचा एक खुला प्रकार, त्याच्या फाइल चालवणारी दुसरी यंत्रं आहेत, त्यांत तेलुगू फॉन्ट टाकता येतो. थोडी खटपट पडते, होतं मात्र. आजींसाठी करू या. मी मदत करतो.

सातरस्ता वकील

मालकीचं कुणीच बोललं नाही. ई-पुस्तकाचे पैसे देता तेव्हा तुम्ही पुस्तक विकत घेत नाही, वाचायचा परवाना घेता. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉननं ऑरवेलच्या '1984' या कादंबरीच्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या. ज्यानं त्या विकायला ठेवल्या त्याच्याकडं हक्क नव्हते. पैसे परत दिले, पुढं माफीही मागितली. पण लोक झोपेत असताना त्यांच्या टेबलावरचं पुस्तक उचलता येतं, हे त्या दिवशी कळलं. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, आणि तिथून घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. तिथंही पैसे परत मिळाले. पण समासात लिहिलेलं पैशानं परत येत नाही. फेब्रुवारी 2025 पासून तर किंडलची विकत घेतलेली फाइल वेबसाइटवरून संगणकावर उतरवून ठेवायची सोयही काढून घेतली.

छापील प्रत तुमची. विका, भेट द्या, नातवाला ठेवा. काकूंना द्या, काकू नणंदेला देतील. जुळेसोलापूरकरांच्या आईंनी वीस वर्षं जे केलं ते परवान्यात बसत नाही.

हुतात्मावाला

वकीलसाहेब, वाळवीनं खाल्लेल्या पुस्तकाचे पैसे तर कुणी परत करत नाही.

सातरस्ता वकील

वाळवीवर, कसरीवर निदान उपाय तरी करता येतो. कंपनीनं कळ दाबली तर तुमच्या हातात काय उरतं?

नवीपेठ गल्ला

मी पुस्तकं विकतो, तेव्हा माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगतो. माझी तक्रार यंत्राविरुद्ध नाही. ई-पुस्तक विकत घेणाऱ्याबद्दल मला आदरच आहे, लेखकाला त्याचे पैसे मिळतात. पण दुकानात येऊन पुस्तक चाळायचं, मुखपृष्ठाचा फोटो काढायचा आणि "याची पीडीएफ आहे का हो?" म्हणून ग्रुपवर विचारायचं, हे रोज चालतं. दोन महिन्यांपूर्वी बाजारात आलेली कादंबरी स्कॅन होऊन फिरते. हजार प्रतींची आवृत्ती खपायला जिथं वर्षं लागतात, तिथं लेखकानं पुढचं पुस्तक कशाच्या जोरावर लिहायचं? प्रकाशक ई-आवृत्ती काढायला कचरतात ते याच भीतीनं. मग ज्याला खरंच मोठं अक्षर हवं त्या आईंना मनासारखं पुस्तक मिळत नाही.

आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. हरिभाऊ आपटे 1919 मध्ये गेले, साने गुरुजी 1950 मध्ये. त्यांचं लेखन आज सगळ्यांसाठी मोकळं आहे, ते मनसोक्त उतरवून घ्या. जिवंत लेखकाचं मात्र विकत घ्या, कागदावर घ्या नाहीतर पडद्यावर.

संशोधक विद्यार्थिनी

पीडीएफचं निघालंच आहे म्हणून. माझं काम जुन्या मराठी नियतकालिकांवर आहे. राज्य मराठी विकास संस्थेनं दुर्मिळ ग्रंथ स्कॅन करून खुले केलेत. विश्वकोशही जालावर मोफत आहे. एरवी एकेका पुस्तकासाठी पुण्या-मुंबईच्या चकरा झाल्या असत्या.

पण ही स्कॅन पुस्तकं सहा इंची ई-रीडरवर वाचून बघा. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. अक्षर मोठं करायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते, प्रत्येक ओळीला पान डावीउजवीकडं सरकवावं लागतं. अक्षर मोठं होऊन ओळी नव्यानं जुळणं फक्त खऱ्या ई-पुस्तकात होतं, ज्यात मजकूर टंकलेला असतो. म्हणजे आईंसाठी जी सोय आहे ती मोजक्या मराठी पुस्तकांत आहे. घरातल्या 600 पैकी किती ई-रूपात मिळतात ते एकदा शोधा, मगच कपाटं रिकामी करा. मी माझ्या 40 पुस्तकांची यादी घेऊन बसले होते, 9 मिळाली.

संदर्भासाठी मी अजूनही कागदच वापरते. "डाव्या पानावर, खाली, कोपऱ्यात" असं मला आठवतं. ई-रीडरवर सगळी पानं एकाच पानासारखी वाटतात. शोध मात्र तिथंच लागतो, तो कागदावर लागत नाही.

बाळीवेस

एप्रिल-मे मध्ये पारा 43 वर गेला की आम्ही गच्चीवर झोपतो. वीज गेली तर कंदिलात वाचायचे दिवस मी काढलेत. आता यंत्राचा दिवा लावून रात्री दोनपर्यंत वाचतो, बाजूला झोपलेल्या सौ.ची झोप मोडत नाही. मला एवढं पुरे.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे आभार. विद्यार्थिनी ताईंनी सांगितलं तशी परवा आईला घेऊन यादी केली. 600 पैकी पहिली 120 तपासली, 31 ई-रूपात मिळाली. बाकीची तिला आता वाचता येणार नाहीत, पण ती दुसरीकडं कुठं मिळणारही नाहीत. म्हणून देणं थांबवलं. कसर लागलेली गच्चीवर उन्हात टाकलीत, एकेक पान उलटून फडक्यानं पुसतोय. वाचनालयवाल्या ताई, स्वच्छ झाली की आधी यादी पाठवीन, तुम्हाला हवी तेवढीच घ्या.

आणखी एक. आई का गप्प होती ते काल कळलं. म्हणाली, "वाचून झालं की समोरच्या काकूंना काय देऊ? हे यंत्र दिलं तर मी काय वाचू?" मी एवढे दिवस तिच्या डोळ्यांचाच विचार करत होतो. संध्याकाळी नव्या पेठेत जाऊन त्याच कादंबरीची छापील प्रत घेतली आणि काकूंना दिली. आता दोघी बरोबर वाचतात. काकू सांगतात मी 112 व्या पानावर आहे, तर आईच्या मोठ्या अक्षरांत ते पान कुठं येतं तेच कळत नाही. शेवटी काकू गॅलरीतून शेवटची ओळ मोठ्यानं वाचतात आणि आई ती पडद्यावर शोधते.