मरणोत्तर पदक आणि यशवंत घाडगे

मरणोत्तर शौर्यपदक देणं ही पहिल्यापासूनचीच रीत आहे, असं म्हटलं जातं; ते पूर्ण बरोबर नाही. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक १८५६ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यात मरणोत्तर सन्मानाची सोयच नव्हती. १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झुलूंविरुद्धच्या इसांडलवानाच्या लढाईत पलटणीचं निशाण वाचवताना मेलव्हिल आणि कॉगहिल हे दोन ब्रिटिश अधिकारी मारले गेले. 'जगले असते तर शिफारस झाली असती' एवढीच तेव्हा नोंद झाली. पदक घरी पोचलं ते १९०७ मध्ये!

या नियमात बदल झाला नसता, तर आपल्या नाईक यशवंत घाडग्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला नसता. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले, वय जेमतेम बावीस. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधला, म्हणजे छोट्या तुकडीतला, बाकी प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला, उरले हे एकटे. सरळ धावत गेले, हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि जिंकलेल्या ठाण्यातच ते कोसळले.

स्वतंत्र भारतात मात्र हा प्रश्न उद्भवलाच नाही. पहिलंच परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळालं, आणि आजवरच्या २१ पैकी १४ मरणोत्तरच आहेत. रायगड जिल्ह्यातल्या माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाणारे किती जण थांबतात, कोण जाणे.