पंप्ड स्टोरेजचा हिशेब : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सुनंदाताई: सर्वांना नमस्कार. पंप्ड स्टोरेजमध्ये खालच्या जलाशयातले पाणी वर चढवायला जेवढी वीज लागते, तेवढी ते पाणी खाली सोडल्यावर परत मिळत नाही, असे वाचले. मग हे प्रकल्प चालतात कशावर? आणि ते एवढे उपयोगी असतील, तर कंपन्या ते आपणहून का उभारत नाहीत?

जोशी काका: सुनंदाताई, वीज स्वस्त असताना घ्यायची आणि महाग झाली की विकायची, हा त्यातला मूळ व्यवहार आहे. पंपाला दिलेल्या चार युनिटांपैकी साधारण तीन परत मिळतात. म्हणजे विक्रीचा भाव खरेदीच्या भावापेक्षा किमान एक तृतीयांशाने जास्त असेल, तेव्हा कुठे नुसता विजेचा खर्च भरून निघतो. कर्जाचे व्याज, देखभाल आणि नफा यांची सोय त्याच्या वर जो फरक उरेल त्यातून करावी लागते.

मयूरेश: काका, मग इमारतीच्या गच्चीवरील टाकीतच वीज का साठवू नये?

जोशी काका: गणित करून पाहा. एक हजार लिटर पाणी 367 मीटर खाली आले, तर एक युनिट ऊर्जा मिळते. एक लाख लिटरची टाकी 30 मीटर उंचीवर असेल, तर तिच्यात जेमतेम आठ युनिटे साठतात आणि त्यातूनही यंत्रातील घट वजा होते. उंची दुप्पट झाली की तेवढ्याच विजेला निम्मे पाणी पुरते, म्हणून अशा प्रकल्पांसाठी उंच कड्यांच्या जागा शोधतात. अमेरिकेत व्हर्जिनियातील बाथ काउंटी येथे 1985 पासून चालणारा 3,003 मेगावॅटचा प्रकल्प सुमारे 380 मीटर उंचीचा फायदा घेतो.

रेवती: बॅटऱ्या इतक्या स्वस्त झाल्या असताना पुन्हा डोंगर पोखरण्यात अर्थ आहे का?

जोशी काका: रेवती, दोन-चार तासांच्या साठ्यासाठी बॅटरी आज बहुधा सरस ठरते, हे मी मान्य करतो. परंतु बॅटरीत तास वाढवायचे म्हणजे जवळजवळ त्याच प्रमाणात बॅटऱ्या वाढवाव्या लागतात, तर येथे बोगदे आणि टर्बाइन तेच राहतात आणि जागा अनुकूल असेल तर फक्त जलाशय मोठा करावा लागतो. शिवाय धरण आणि बोगदे पन्नास वर्षांहून अधिक टिकतात.

खरी अडचण इथेच आहे. आजचे पैसे गुंतवले तर ते दरसाल आठ टक्क्यांनी वाढतात असे धरले, तर पन्नासाव्या वर्षी मिळणाऱ्या शंभराचे आजचे मोल फक्त दोनच्या आसपास भरते. म्हणजे ज्या दीर्घ आयुष्याचे आपण कौतुक करतो, त्याला गुंतवणूकदाराच्या हिशेबात जवळपास स्थानच नसते. उलट बांधकामाची वर्षे उत्पन्नाशिवाय जातात आणि त्या काळातले व्याज साचत राहते. त्यात जमिनीखाली काय निघेल याची खात्री नसते. ऑस्ट्रेलियातील स्नोई 2.0 हा प्रकल्प 2017 मध्ये सुमारे दोन अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा म्हणून जाहीर झाला. पुढे बोगदा खणणारे एक यंत्र मऊ जमिनीत अडकून पडले आणि 2023 मध्ये अंदाज बारा अब्जांवर नेला गेला.

मयूरेश: पण सौर वीज वाढली की दुपारी वीज स्वस्त होईल. त्याचा या प्रकल्पांना फायदाच होईल ना?

जोशी काका: होईल, पण सरळसोटपणे नाही. जर्मनीत पूर्वी दुपारी वीज महाग असे आणि हे प्रकल्प तेव्हा कमाई करत. सौर वीज आल्यावर दुपारचा तो भावच खाली आला आणि जुन्या प्रकल्पांचे उत्पन्न घटले. पुढे सौर वीज आणखी वाढली की दुपारी पाणी चढवायचे आणि संध्याकाळी सोडायचे, असा नवा क्रम तयार होतो. मात्र साठवणारे जितके वाढतील तितका स्वस्त-महागातला फरक कमी होईल, कारण त्यांच्याच खरेदीने दुपारचा भाव चढतो आणि त्यांच्याच विक्रीने संध्याकाळचा उतरतो.

सुनंदाताई: मग निव्वळ भावातील फरकावर कोणी कर्ज देईल असे वाटत नाही.

जोशी काका: तेच तर! ब्रिटनमधल्या वेल्समधील डिनॉर्विग हे पंप्ड स्टोरेज केंद्र 1984 पासून चालू आहे आणि मागणी अचानक उसळली की ते काही सेकंदांत ग्रिडला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याला, आधार देते. या तत्परतेचे मोल त्याने विकलेल्या युनिटांमध्ये दिसत नाही, म्हणून ग्रिडने त्याचे पैसे वेगळे द्यायला हवेत, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनने 2024 मध्ये दीर्घ साठवणुकीसाठी उत्पन्नाची किमान आणि कमाल मर्यादा ठरवून देणारी योजना जाहीर केली. उत्पन्न किमान मर्यादेखाली गेले तर तूट ग्राहकांकडून भरून निघते आणि कमाल मर्यादेच्या वर गेले तर जादा उत्पन्नाचा लाभ ग्राहकांकडे जातो. बँकेला किमान उत्पन्नाची हमी मिळाली की व्याजदर उतरतो, आणि इतक्या भांडवली कामात व्याजदरातील एका टक्क्याने संपूर्ण प्रकल्पाचे गणित बदलते.