'आल्फी' पाहिलाय का? अनुभव लिहा (अनुभव धागा)

सांजवात:
सकाळी पोळ्या लाटत होते, मुलीने स्पीकरवर जुनी इंग्रजी गाणी लावली आणि एकदम सिला ब्लॅकचं 'आल्फी' सुरू झालं, लाटणं हातातच राहिलं. १९९४ ला लग्न होऊन लंडनला गेले होते, हाउन्स्लोला एका खोलीत राहायचो, ह्यांची रात्रपाळी, मी हीटरजवळ बसून टीव्हीवर लागेल ते बघायचे. तेव्हा 'आल्फी' पाहिला. १९६६ चा इंग्रजी पिक्चर, आल्फी झालाय मायकेल केन. सुरुवातीला इतकी हसले, तो कॅमेऱ्यात बघून आपल्याशीच बोलतो ना, एखादा वात्रट भाऊजी गप्पा मारतोय असं वाटतं. आज ही, उद्या ती, कुणाचंच बंधन नको. आणि मग लिलीच्या गर्भपाताचा तो सीन. तो आत जाऊन बघतो, आपल्याला काहीच दाखवत नाहीत, फक्त त्याचा चेहरा. रात्री दीड वाजता खोलीतले सगळे दिवे लावून बसले. दोन महिन्यांची गरोदर होते, घरी अजून कळवलंही नव्हतं.
तुम्ही कधी पाहिलात? असा कुणी आल्फी ओळखीत होता का? लिहा.

केळफूल:
रुमाल टाकून ठेवते. कुकर लावलाय, आलेच.

बारा_डबा:
कॉलेजच्या फिल्म सोसायटीत. पोरांनी पहिल्या रिळाला शिट्ट्या मारल्या, शेवटी तो नदीकाठी त्या भटक्या कुत्र्याबरोबर चालत जातो तेव्हा हॉलमध्ये चिडीचूप. पिक्चरच्या संगीतातला सॉनी रोलिन्सचा सॅक्सोफोन ऐका हेडफोन लावून, वेड लागतं. अवांतर: पिक्चर ज्या नाटकावरून केला तेच नाटक ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कला) टेरेन्स स्टॅम्पने केलं होतं, तिथे ते चाललं नाही, पिक्चरला तो नाही म्हणाला आणि रोल त्याच्याच रूम पार्टनरला गेला, म्हणजे केनला. नशीब बघा.

ओसरी:
मला सगळ्यात काय लागलं सांगू, तो बाईला 'शी' म्हणत नाही, 'इट' म्हणतो. ते. दिसायला बरं आहे, स्वयंपाक चांगला करतं, असं. मला एकदम आमचं माजघर आठवलं. मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी आणि बाहेर मुलाची मावशी म्हणतेय, स्थळ चांगलं आहे, जरा सावळं आहे. चहा सांडला माझा. ते लग्न जमलं नाही, बरंच झालं.

नर्मदा७१:
ओसरी, अगं किती खरं. मी नर्स होते म्हणून लिलीबद्दल लिहिते. तेव्हा ब्रिटनमध्ये गर्भपात बेकायदा होता, तिथे कायदा १९६७ ला झाला, आपल्याकडे १९७१ ला. मी १९७८ ला तालुक्याच्या दवाखान्यात लागले, कायदा होऊन सात वर्षं झाली होती तरी बायका गावात काड्या घालून घेऊन यायच्या, अंगात ताप फणफणलेला, ओठ पांढरे. नाव विचारलं तर दुसरंच सांगायच्या. बरोबर सासू नाहीतर बहीण. पुरुष आलाच तर रस्त्यापलीकडे टपरीवर उभा. आल्फी निदान आत तरी गेला आणि रडला. म्हणून मला त्याचा राग पूर्ण येत नाही.

मिरजकर:
त्याला छातीचा आजार होऊन तो सॅनिटोरियममध्ये जातो ना, माझे आजोबा तसेच मिरजेजवळ वानलेसवाडीला होते टीबीसाठी. आजी सांगायची, भेटायला गेलं की लांबूनच बोलायचं, पोरांना जवळ येऊ द्यायचे नाहीत. आल्फी शेजारच्या खाटेवरच्या हॅरीशी मैत्री करतो आणि नंतर त्याच्याच बायकोला... लिली म्हणजे तीच. तिथे मी टीव्ही बंद केला होता. दुसऱ्या वेळी पूर्ण पाहिला.

घाटावरचा:
मिरजकर, वानलेसवाडी म्हणजे आमच्या आत्याचं सासर! कुठल्या गल्लीत?

लोकल८४२:
आमचा काका. गिरगावातली चाळ, केसाला ब्रिलक्रीम, कडक इस्त्रीचा बुशशर्ट, लग्न केलं नाही. सगळ्या चाळीचा लाडका, आम्हा पोरांना चौपाटीवर भेळ तोच खाऊ घालायचा, बरोबर दर वेळी वेगळी मैत्रीण. दर गणपतीत एक बाई दारात यायच्या, आईच्या हातात उकडीच्या मोदकांचा डबा द्यायच्या, उंबऱ्याच्या आत कधी आल्या नाहीत, आणि काका गॅलरीत पाठ करून उभा. रिकामा डबा परत द्यायला मला पाठवायचे. त्यांचं घर मला माहीत होतं, काकाला माहीत नव्हतं. पिक्चरमध्ये तो चर्चच्या आडोशाने त्याच्या मुलाच्या आईच्या, गिल्डाच्या दुसऱ्या बाळाचं बारसं बघतो, स्वतःचा मुलगा माल्कम दुसऱ्याला बाप समजतोय, तिथे मला काकाची ती पाठ दिसते. आता ८१ आहे. मी जातो रोज रात्री.

केळफूल:
झाला कुकर. मी पिक्चरमधली ॲनी होते, ती जी आल्फीच्या घरी फरशी घासत बसते आणि त्याला सारण भरून भाजलेला इंग्रजी 'पाय' (pie) करून घालते. एकाच ऑफिसात होतो, पाच वर्षं त्याचा डबा मी नेला. त्याचं लग्न ठरलंय हे मला टेबलावरच्या पत्रिकेवरून कळलं, सगळ्यांच्या टेबलावर एकेक होती, माझ्याही. आज पहिल्यांदा लिहितेय कुठेतरी.

ओसरी:
केळफूल, 🫂

नर्मदा७१:
बाळा, जेवलीस का? आधी जेव.

केळफूल:
हो ताई. आमटीभात. आता छान आहे मी, खरंच. लेक दहावीला आहे, तिचा डबा करते.

बारा_डबा:
२००४ चा ज्यूड लॉवाला कुणी पाहिला असेल तर तो धरू नका, जुनाच बघा.

मिरजकर:
घाटावरचा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

सांजवात:
सगळं वाचलं, हात थरथरतायत टाइप करताना. लोकल८४२, काकांना नमस्कार सांगा. सकाळी गाणं लावणारी मुलगी म्हणजे तेव्हाची ती दोन महिन्यांचीच. तिला आत्ता सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले, काही न बोलता माझ्या हातातलं लाटणं घेऊन उरलेल्या पोळ्या करायला लागलीय. रविवारी दोघी बघणार आहोत, लिलीच्या सीनला तिला हाउन्स्लोचं सांगेन.