मदत हवी आहे - शाब्दिक उदाहरणं मुलीला कशी समजावू?

नमस्कार मंडळी, माझी मुलगी सहावीत आहे, मराठी माध्यम. गुणाकार भागाकार एकदम पक्के, पाढे तीसपर्यंत पाठ, पण शाब्दिक उदाहरण आलं की गडबडते, वाचायच्या आधीच विचारते आई यात गुणायचं की भागायचं?

कालचंच सांगते. भाजीवाल्याने 20 किलो टोमॅटो 25 रुपये किलोने घेतले, 2 किलो सडले, उरलेले 30 रुपये किलोने विकले, तर शेकडा नफा किती. तिने सरळ 30 मधून 25 वजा केले, 5 गुणिले 20, नफा 100 रुपये. सडलेले 2 किलो विसरलीच! मग मी सावकाश करून घेतलं, आधी खरेदी 20 × 25 = 500, मग विकले किती तर 18 किलो, 18 × 30 = 540, नफा 40. इथपर्यंत तिला पटलं. पण शेकडा काढताना 40 ला 540 ने भागलं, कारण म्हणे पैसे तर तेवढेच हातात आले ना. नफा खरेदीवर मोजतात म्हणून 500 वर 40 म्हणजे 8 टक्के, हे सांगितलं, मान डोलावली, पण कळलं नाही हे चेहऱ्यावरून दिसतच होतं.

तर खरेदीवरच का, हे तिला पटेल असं कसं सांगू? आणि दिलेलं काय, विचारलंय काय हे आधी लिहायची सवय कशी लावलीत तुम्ही? कोणी शिक्षक असाल तर प्लीज सांगा, रागावून शिकवायचं नाहीये मला.