सिनेमा बघताना आठवलेली मैत्रीण

परवा 'लापता लेडीज' (२०२४) दुसऱ्यांदा बघितला. या वेळी मी अडकले ते हरवलेल्या नवरीपाशी नाही, भाजीपाशी. घरात कुणाला आवडत नाही म्हणून सासूनं कमळकाकडीची भाजी करणंच सोडलेलं असतं. माझ्या सासूबाईंना बारा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं, तुम्हाला काय आवडतं. विचारलं. "आता काय आठवतंय," म्हणाल्या. दोन दिवसांनी भांडी लावताना आपणहून बोलल्या, "माठाच्या देठांची भाजी, वाल घालून. माझी मैत्रीण करायची." त्यांना मैत्रीण होती हीच मला बातमी. पण तिचं नाव त्यांना माहेरचंच ठाऊक. लग्नात बदलून काय ठेवलं ते कळलंच नाही, मग शोधणार कसं?

गावाकडच्या बायकांचे सिनेमे बघताना तुम्हाला अशी कुणी आठवली असेल तर लिहा. सिनेमाची गोष्ट नका सांगू, आपली सांगा.

*

माझी आई मिरची-कांडपावर कामाला होती. 'मिर्च मसाला' टीव्हीवर लागला की पोळ्या अर्धवट टाकून येऊन बसायची. सोनबाई झालेल्या स्मिता पाटीलपेक्षा तिचं लक्ष कारखान्यात कोंडलेल्या बाकीच्या बायकांकडं. त्यातल्या काही सोनबाईलाच म्हणायला लागतात, जा बाई त्या सुभेदाराकडं, आम्हाला सोडव. आई मान हलवायची. "अशाच असत्यात. आन् दुसऱ्या दिवशी त्याच भाकर मोडून देत्यात."

त्या पाचजणी होत्या. हाताला तेल चोळून, तोंडाला फडकं बांधून उन्हाळाभर राबायच्या. मालकानं एकदा एकीची मजुरी कापली, तर पाचही जणी दोन दिवस गेल्याच नाहीत. घरी मात्र रोजच्या वेळेला डबा घेऊन निघायच्या आणि ओढ्याकाठी बसून राहायच्या. वडिलांना कळलं असतं तर आईची धडगत नव्हती. हे मला तिनं सांगितलं कधी, तर शेवटी सुभेदारावर मसाला उधळतात तेव्हा. वर म्हणाली, "पण फेकायच्या आधी वारं कुठलं ते बघाया लागतं गं."

*

पुरुषानं लिहिलं तर चालेल ना?

आजोबा गेले तेव्हा आजीच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. काही वर्षांनी पलीकडच्या आळीतली एक म्हातारी गेली आणि आजीनं तीन दिवस अन्नाला हात लावला नाही. आम्हा पोरांना ते विचित्र वाटलं होतं. पुढं कॉलेजात 'रुदाली' (१९९३) पाहिला. त्यातली शनिचरी नवरा गेला तरी रडत नाही, भिकनी गेल्याचं कळतं तेव्हा तिचा बांध फुटतो. भिकनी तिची आई निघते हे खरं, पण तोवर ती मैत्रीणच होती की. त्या म्हातारीबरोबर आजी रोज धुण्याला जायची, एवढंच मला माहीत आहे.

*

मी जरा वेगळं बोलते. 'पार्च्ड' मला पटला नाही. वाळवंटातलं गाव, दारुडे नवरे, सगळं दूरच्या प्रेक्षकांसाठी मांडून ठेवल्यासारखं. आमच्याकडे बाईला छळणारा माणूस चारचौघांत फार सभ्य असतो.

*

वरच्या ताईंना: मान्य. पण मूल होत नाही म्हणून मार खाऊन आलेल्या लज्जोच्या जखमांना राणी हळूच औषध लावते, तेवढ्या दृश्याला नावं नका ठेवू. माझ्या जावेनं माझ्या पाठीला असंच हळद-तेल लावलं होतं. आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही, अजून नाही. जाऊबाईला मैत्रीण म्हणायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून इथं लिहिते.

*

सासूबाईंच्या मैत्रिणीबद्दल वाचलं. त्यांना माहेरच्या गावच्या जत्रेला घेऊन जा. जत्रेला माहेरवाशिणी येतातच, आणि तिथं जुन्या नावानंच हाका मारतात. माझ्या आईला तिची मैत्रीण अशीच ३१ वर्षांनी पालखीमागं सापडली. दोघी देवळाच्या पायरीवर तासभर बसल्या. बोलल्या काय, तर गुडघ्यांबद्दल.