मूत्रपिंड जपण्याच्या यंत्रासाठी देणगी द्यावी का?

इंदूरचा_खजिनदार
नमस्कार. इंदुरातील आमच्या लहानशा विश्वस्त निधीकडे असा प्रस्ताव आला आहे की, शहरातील एका प्रत्यारोपण केंद्राला मेंदूमृत दात्याची मूत्रपिंडे यंत्रावर जपण्याची सोय करून द्यावी. सध्या मूत्रपिंड थंड द्रावणाने धुऊन, निर्जंतुक पिशव्यांत घालून बर्फाच्या पेटीत ठेवतात. यंत्रात थंड द्रावण पंपाने मूत्रपिंडातून सतत फिरवले जाते. यंत्र एकदाच घ्यावे लागेल, पण नळ्यांचा संच आणि द्रावण प्रत्येक मूत्रपिंडामागे नवे लागते, आणि हा खर्च पुढे कोण उचलणार याविषयी प्रस्तावात अक्षरही नाही. अवयव शहरातल्या शहरातच, किंवा फार तर ग्रीन कॉरिडॉरने (अवयवासाठी वाहतूक थांबवून मोकळ्या केलेल्या रस्त्याने) भोपाळपर्यंत जाणार असेल, तर बर्फाची पेटी पुरेशी नाही का?

माळव्यातला_समन्वयक
आपण हिशेबातून सुरुवात केलीत हे बरे झाले, कारण यंत्र पाहून भारावणारे विश्वस्तच अधिक भेटतात. या विषयातील सर्वांत महत्त्वाची चाचणी 2009 साली प्रसिद्ध झाली. नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीच्या काही भागांतील 336 दात्यांचे एक मूत्रपिंड यंत्रावर आणि दुसरे बर्फात ठेवण्यात आले, त्यामुळे दात्यांमधील फरकाचा प्रश्नच उरला नाही. प्रत्यारोपणानंतर पहिल्या आठवड्यात डायलिसिस करावे लागण्याचे प्रमाण बर्फातील मूत्रपिंडांत 26.5 टक्के, तर यंत्रावरील मूत्रपिंडांत 20.8 टक्के होते. वर्षअखेरीस टिकलेली मूत्रपिंडे अनुक्रमे 90 आणि 94 टक्के होती. या चार टक्क्यांचा अर्थ असा की, साधारण 25 मूत्रपिंडे यंत्रावर ठेवली तर त्यांतले एक वर्षभरात निकामी होण्यापासून वाचते. तेव्हा एका संचाची किंमत 25 ने गुणा आणि आलेली रक्कम एका वाचलेल्या मूत्रपिंडासमोर मांडा. मूत्रपिंड निकामी झालेला रुग्ण पुन्हा आठवड्याला दोन-तीन डायलिसिसवर जातो, आणि दुसरे मूत्रपिंड मिळेपर्यंत किती वर्षे जातील हे कोणीच सांगू शकत नाही.

राजवाडा_ते_पलासिया
माझे मत वेगळे आहे. सुमारे चार अंश तापमानाला नेलेले मूत्रपिंड बर्फात चोवीस तासांपर्यंत बहुधा चांगले राहते, आणि इंदुरात रस्त्यावर जाणारा वेळ मिनिटांत मोजण्याइतका आहे. वेळ जातो तो क्रॉसमॅचचा, म्हणजे दात्याचा अवयव प्राप्तकर्त्याच्या रक्ताला जुळतो का या तपासणीचा, निकाल येईपर्यंत, प्राप्तकर्ता खरगोन किंवा धारहून पोहोचेपर्यंत आणि रात्री शस्त्रक्रियागृह मोकळे होईपर्यंत. तोच पैसा प्रयोगशाळेला रात्रपाळीचा तंत्रज्ञ देण्यात घालावा. शिवाय 2010 साली ब्रिटनमध्ये हृदय बंद पडलेल्या दात्यांच्या मूत्रपिंडांच्या 45 जोड्यांवर चाचणी झाली, तीत यंत्राचा उपयोग दिसला नाही: पहिल्या आठवड्यातील डायलिसिस यंत्रावरील मूत्रपिंडांत 58 टक्के, बर्फातील मूत्रपिंडांत 56 टक्के.

माळव्यातला_समन्वयक
तंत्रज्ञाची सूचना उत्तम आहे, मात्र अंतराचा मुद्दा टिकत नाही. त्याच युरोपीय चाचणीच्या आकड्यांचे 2018 साली पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा थंड साठवणीचा काळ कमी असतानाही यंत्राचा फायदा दिसून आला. ब्रिटनमधील दाते वेगळ्या प्रकारचे होते. आपल्याकडे बहुतेक सर्व दाते मेंदूमृत असतात. 2019 च्या कोक्रेन आढाव्यानुसार (यात एका विषयावरील सर्व चाचण्या एकत्र तपासतात) अशा दात्यांच्या सुमारे 14 मूत्रपिंडांमागे एका रुग्णाचे सुरुवातीचे डायलिसिस टळते.

बडोद्याची_अर्थशास्त्री
उपाय गुणकारी ठरणे आणि तो परवडणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि वरील चर्चेत दुसरीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. युरोपातील हिशेबात यंत्र स्वस्त ठरले, कारण तेथे रुग्णालयातील प्रत्येक जादा दिवस आणि डायलिसिसची प्रत्येक फेरी महाग असते. आपल्याकडे मनुष्यबळ स्वस्त, 2016 पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस मोफत, उलट संच परदेशी आणि त्याची किंमत रुपयाच्या घसरणीबरोबर वाढणारी. म्हणजे वाचणारा खर्च लहान आणि होणारा खर्च मोठा. अर्थात मोफत डायलिसिस सरकारला फुकट पडत नाही, आणि बुडालेली मजुरी कोणत्याच बिलात दिसत नाही, म्हणून मी यंत्राला सरसकट नकार देणार नाही.

परंतु निर्णय मुख्यतः संख्येवर ठरेल. संपूर्ण देशात मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांची वार्षिक संख्या 2023 साली प्रथमच हजाराच्या पुढे गेली, तेव्हा एका शहरातील एका केंद्राच्या वाट्याला वर्षाला किती मूत्रपिंडे येत असतील? यंत्राची किंमत आणि देखभाल तेवढ्याच मूत्रपिंडांवर विभागली जाईल. शहरातील सर्व केंद्रे मिळून एकच यंत्र वापरण्यास तयार असतील, तर आकडा बदलेल. वयस्कर दात्यांची मूत्रपिंडे, जी आज संशयापोटी नाकारली जातात, ती यंत्रावर ठेवून वापरली जाणार असतील, तर तो लाभही मोजावा, कारण तेथे एका मूत्रपिंडाची निव्वळ भर पडते.

इंदूरचा_खजिनदार
सर्वांचे आभार. केंद्राकडून गेल्या तीन वर्षांतील मेंदूमृत दात्यांच्या मूत्रपिंडांची संख्या, नाकारलेल्या मूत्रपिंडांची कारणे आणि संचाचे लेखी दरपत्रक मागवत आहोत. यंत्र सामाईक वापरास देण्याची अट घातली, तर त्याची मालकी आणि देखभाल कोणाकडे ठेवावी, याविषयी कोणास अनुभव असल्यास कृपया लिहावे.