शब्दचर्चा : ‘हॉर्सशू बॅट’ला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडकर : सिंहगडाच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेसाठी वटवाघळांचा तक्ता करतेय. ‘हॉर्सशू बॅट’, म्हणजे ऱ्हिनोलोफिडी या कीटकभक्षी वटवाघळांपाशी गाडी अडलीय. ‘घोड्याची नाल वटवाघूळ’ असं काहीतरी वाचलं, ते तोंडात बसत नाही. एकांनी ‘अश्वनाल’ सुचवलं. आई म्हणते, किडे खाणारी लहान वटवाघळं ती सगळी पाकोळ्याच. आणि ऱ्हिनोलोफिडीला कुल म्हणायचं, कुटुंब की प्रजाती?

नारायणपेठी : आईंचा शब्द खरा आहे, आमच्याकडेही वाड्याच्या तुळयांमागून संध्याकाळी निघायच्या त्या पाकोळ्याच. पण त्या बहुतेक पिपिस्ट्रेल, म्हणजे व्हेस्पर्टिलिओनिडी कुलातल्या. त्यांचं नाक साधं असतं, आवाज तोंडातून काढतात. शिवाय आपण त्या वेगानं उडणाऱ्या पक्ष्यालाही पाकोळीच म्हणतो. तक्त्यावर मुलांचा गोंधळ होईल. बोलीतला शब्द म्हणून जरूर नोंदवा, कुलाचं नाव म्हणून नको.

माझं मत ‘नालनाक्या’ला. या प्राण्याचा चेहरा एकदा नीट बघा. नाकपुड्यांभोवती कातडीची घडी अगदी नालेसारखी वळलेली, तिच्यावर मधोमध एक उभा उंचवटा आणि त्याच्याही वर कपाळाकडे टोकदार होत गेलेलं पान. हे पूर्वी लोकांना नुसतं विद्रूप वाटायचं. पण अंधारात सावज शोधताना हे वटवाघूळ तोंड मिटून नाकातून आवाज सोडतं आणि ही सगळी रचना तो आवाज समोर एकवटते. नाव नाकावरूनच हवं. चष्मेवाला पक्षी नाही का आपण डोळ्यांभोवतीच्या पांढऱ्या कड्यावरून ओळखत?

‘अश्वनाल’ नको, कारण हिपोसिडेरॉस हे शेजारच्या कुलातल्या वटवाघळांचं नाव, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘घोड्याचं लोखंड’, म्हणजे नाल! हे हिपोसिडेरिडी कुल पूर्वी ऱ्हिनोलोफिडीतच धरत. त्यांच्याही नाकावर पान असतं, पण वरचं टोक नसतं. पायाची बोटं पाहिली तरी फरक कळतो : नालनाक्याच्या अंगठ्यात दोन हाडं आणि बाकीच्या बोटांत तीन-तीन, हिपोसिडेरॉसच्या सगळ्याच बोटांत दोन-दोन.

मुळाकाठ : नालनाक्या चांगला, पण वटवाघूळ नपुंसकलिंगी आहे हो. ‘नालनाक्या वटवाघूळ’ कानाला खटकतं.

नारायणपेठी : बरोबर. ‘नालनाकं वटवाघूळ’, अनेकवचनी ‘नालनाकी वटवाघळं’. नकटं, नकटी चालतं तसंच.

मुळाकाठ : आणि कुल-प्रजातीचं मी सांगतो, कारण वर्तमानपत्रं वाचून माझा जीव तुटतो. मराठी विश्वकोशाची परंपरा साफ आहे : कायरॉप्टेरा, म्हणजे सगळी वटवाघळं, हा गण, ऱ्हिनोलोफिडी हे कुल, मग वंश, आणि शेवटी जाती. हल्ली हिंदीच्या प्रभावानं जातीला सर्रास प्रजाती लिहितात. प्रजाती म्हणजे वंश असंही कुणी समजेल, आणि इथे तर ते फारच घोळाचं, कारण या कुलात ऱ्हिनोलोफस हा एकच वंश आणि त्यात शंभराहून जास्त जाती आहेत. आपल्या सह्याद्रीतली ऱ्हिनोलोफस रूक्सी त्यातलीच, डच प्राणिशास्त्रज्ञ टेमिंकनं १८३५ मध्ये वर्णन केलेली. ‘कुटुंब’ मात्र आई-पिल्लांसाठी राखून ठेवा. माद्यांना ओटीपोटाशी दोन खोटी स्तनाग्रं असतात, दूध न देणारी. पिल्लू त्यांना तोंडानं धरून आईला चिकटतं. तक्त्यावर याचं चित्र काढाच, मुलं विसरणार नाहीत.

कोथरूडकर : काढतेच! ‘मोठी वटवाघळं’ आणि ‘लहान वटवाघळं’ असे दोन गट करू का? जुन्या पुस्तकात तसं आहे.

मुळाकाठ : नको. डीएनएच्या अभ्यासानंतर ती विभागणी मोडली. नालनाकी वटवाघळं आणि फळं खाणारी मोठी वाघळं एका शाखेत, पिपिस्ट्रेल दुसऱ्या शाखेत. ‘कीटकभक्षी’ हा शब्द आहार सांगतो, नातं नाही.

नारायणपेठी : एक राहिलं. ‘प्रतिध्वनी-स्थाननिर्धारण’ असलं काही लिहू नका, ‘प्रतिध्वनीवरून ठाव घेणं’ लिहा. माणसाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, रूक्सीचा आवाज ७० हजारांच्या वर. उडताना स्वतःच्या वेगामुळे परतणाऱ्या आवाजाचा सूर चढतो, म्हणून नालनाकं वटवाघूळ आपला आवाज तेवढाच उतरवून सोडतं, म्हणजे प्रतिध्वनी कानाला सर्वांत नीट ऐकू येणाऱ्या सुरावर पडतो. त्या स्थिर सुरात पतंगाच्या पंखांची फडफड वेगळी उमटते आणि पानांच्या गर्दीतही सावज सापडतं. इथे ‘सूर’ हाच शब्द ठेवा, ‘वारंवारता’ आठवीच्या पुस्तकासाठी राहू दे.